पानातली साखर वाचवणारी आग

पाइपच्या एखाद्या सौम्य मिश्रणाची चिमूट पांढऱ्या कागदावर पसरा आणि उजेडात धरून नीट पाहा. काही तंतू पिवळेधमक, काही नारिंगीकडे झुकलेले, काही फिकट तपकिरी, मध्येच एखाददुसरा काळाभोर. हा सगळा एकाच जातीच्या झाडाचा पाला आहे, निकोटियाना टबॅकम. तरी पिवळ्या तंतूंना वाळक्या गवताचा गोडसर वास येतो, तपकिरी तंतूंना कोकोचा आणि भाजलेल्या दाण्यांचा, काळ्या तंतूंना आंबवलेल्या अंजिरांचा. शेतातल्या ओल्या पानाला यातला एकही वास नसतो. ते पान हाताला चिकटतं आणि जिभेला कडू लागतं. मग हे गंध येतात कुठून? आणि इतक्या उग्र पाल्यातून सौम्य म्हणावी अशी तंबाखू निघते कशी? उत्तर शोधत गेलं की थक्क करणारी गोष्ट हाती लागते ती ही, की यातलं जवळजवळ सगळं काडी पेटवण्याच्या कितीतरी आधी घडून गेलेलं असतं.

सुरुवात मुळांपासून करायला हवी, कारण निकोटिन पानात तयार होतच नाही. ते मुळांमध्ये बनतं आणि पाण्याबरोबर वर चढत पानांपर्यंत पोचतं. कीटकांच्या मज्जासंस्थेवर घाला घालणारं हे विष झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी घडवलं आहे. अळीने पान कुरतडलं की पानाकडून मुळांना रासायनिक निरोप जातो आणि मुळं जास्त निकोटिन वर धाडतात. शेतकरी फुलोरा येताच शेंडा खुडतो, तेव्हाही तसंच होतं: बी धरण्यासाठी राखलेली ताकद पानांत उतरते, पानं जाड होतात आणि त्यांतलं निकोटिन वाढतं. त्यातच पानांवरच्या बारीक लवेतून राळेसारखा चिकट रस पाझरत असतो. पाऊस पडून गेल्यावर किंवा दवात भिजलेली पानं तोडणाऱ्या मजुरांच्या कातडीतून हे निकोटिन अंगात शिरतं आणि त्यांना मळमळ, चक्कर, उलट्या सुरू होतात. पाइपमधल्या मंद सुगंधाचं कौतुक करताना ज्याचा पानाला पहिला हात लागतो तो हा माणूस मला विसरता येत नाही.

या निकोटिनच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली की शेतीतलं एक मोठं कोडं सुटतं. ज्या हलक्या, वालुकामय, नायट्रोजन कमी असलेल्या जमिनीत बाकी पिकं रडतखडत येतात, तिथेच सौम्य तंबाखू उत्तम पिकते. झाडाला नायट्रोजन अपुरा पडला की पान पातळ होतं, निकोटिन बेताचं राहतं आणि पानात पिष्टाचा साठा होतो. सुपीक, खतावलेल्या जमिनीत तेच झाड जाड, गडद आणि जहाल पानं देतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलायना या राज्यांच्या सीमेवरची निकस माती एके काळी शेतकऱ्यांना शापासारखी वाटे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिचं नशीब पालटलं, आणि ते एका गुलाम तरुणाच्या हातून पालटलं.

उत्तर कॅरोलायनातल्या कॅसवेल परगण्यात अबिशा स्लेड नावाच्या जमीनदाराच्या शेतावर स्टीफन नावाचा तरुण राबत होता. त्याला लोहारकाम येत असे, आणि पानं सुकवायच्या कोठारातल्या शेकोटीवर रात्री लक्ष ठेवणं हेही त्याच्याकडेच होतं. १८३९ सालच्या एका रात्री पहाऱ्यावर असताना त्याला झोप लागली. जाग आली तेव्हा आग विझत आली होती. घाईघाईने त्याने कोळशाच्या खड्ड्याकडे धाव घेतली आणि तिथले धगधगते कोळसे आणून आगीवर टाकले. लाकडाच्या धुरकट आगीऐवजी कोठारात एकाएकी कोरडी, कडक उष्णता भरली. सकाळी पाहतात तो कोठारभर टांगलेली पानं पिवळीजर्द झालेली! तसा रंग त्या भागात कुणी पाहिला नव्हता. बाजारात त्या मालाला भाव चढा मिळाला. मालक ही रीत आसपासच्या शेतकऱ्यांना शिकवत फिरला, आणि स्टीफनने म्हातारपणी स्वतःच्या तोंडाने त्या रात्रीची हकीकत सांगितली. पुढे कोळशांच्या जागी बाहेरच्या भट्टीतून कोठारात लोखंडी नळ्या फिरवून उष्णता देऊ लागले, त्यामुळे धुराचा स्पर्शही पानाला होईनासा झाला. आज व्हर्जिनिया म्हणून जी तंबाखू ओळखली जाते ती याच रीतीची. आपल्याकडे आंध्र प्रदेशात आणि कर्नाटकात ती मोठ्या प्रमाणावर पिकते.

त्या कोठारात नेमकं काय झालं होतं, हे समजलं की त्या रात्रीचं मोल कळतं. तोडलेलं पान लगेच मरत नाही. त्याच्या पेशी श्वास घेत राहतात. सुरुवातीला उबदार, दमट हवेत ठेवलं की पानातली विकरं पिष्टाची साखर करू लागतात आणि हिरवा रंग ओसरतो. आढीत घातलेल्या कैरीचं जे होतं तेच इथे होतं. आता पुढचा क्षण निर्णायक. पान असंच आठवडेच्या आठवडे जिवंत राहू दिलं, तर श्वास घेता घेता ते स्वतःचीच साखर संपवून टाकेल. पण ऐन वेळी उष्णता वाढवत नेली, तर पेशी मरतात, विकरं निकामी होतात आणि साखर होती तिथेच अडकून पडते. स्टीफनच्या कोळशांनी हेच केलं. भट्टीवर सुकवलेल्या चांगल्या पानात वजनाच्या पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत साखर सापडते. पूर्ण सुकायला सहासात दिवस लागतात आणि अखेरीस कोठारातली उष्णता सत्तर अंशांच्या आसपास नेतात, म्हणजे जाड शिराही कोरड्या व्हाव्यात. आगीने साखर जाळण्याऐवजी ती वाचवली, हे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वात सुंदर रसायन वाटतं.

दुसऱ्या वाटेने गेलेलं पान म्हणजे बर्ली. हे भट्टीत जात नाही. हवेशीर कोठारात सहा ते आठ आठवडे सावलीत टांगून ठेवतात आणि ते आपल्या वेगाने मरतं. साखर जवळजवळ शून्यावर येते. उरतो तो कोरडा, कोकोसारखा, किंचित कडवट स्वाद. आजच्या बर्लीचा उगम १८६४ सालचा आहे. ओहायोतल्या ब्राउन परगण्यात जॉर्ज वेब नावाच्या शेतकऱ्याच्या वाफ्यात काही रोपं विचित्र पांढुरकी उगवली. त्याला ती रोगट वाटली म्हणून त्याने उपटून फेकली. पुढे तशीच रोपं पुन्हा उगवली तेव्हा त्याने ती वाढू दिली. हरितद्रव्य कमी करणारा तो निसर्गातला एक बदल होता. त्या पानांचं वैशिष्ट्य सुकल्यावर कळलं: ती विलक्षण शोषक होती. मध, गूळकाकवी, कोको, ज्येष्ठमध, व्हॅनिला, जे काही शिंपडाल ते ती पोटात घेत. पाइपच्या सुगंधी मिश्रणांचा सगळा डोलारा पुढे या एका रोगट समजल्या गेलेल्या रोपावर उभा राहिला.

तिसरी वाट उन्हाची: निपाणीच्या पट्ट्यातली विडीची तंबाखू उन्हात वाळवतात आणि तिचा झणका सर्वांना ठाऊक आहे. झाड तेच. सुकवायची रीत, माती आणि वाण बदलला की पान इतकं वेगळं होतं.

आता वासाकडे वळू. पानातला हिरवा रंग गेल्यावर मागे पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं उरतात. गाजरात, झेंडूत, पिकलेल्या आंब्यात असतात त्याच कुळातली, कॅरोटिनॉइड म्हणतात ती. हे लांबलचक रेणू हवा, उष्णता आणि काळ यांच्या मेळाने तुटत जातात आणि तुटताना सुगंधी तुकडे सुटतात. त्यातल्या एकाचं नाव डॅमॅसेनोन. हा पदार्थ १९७० च्या सुमारास प्रथम बल्गेरियातल्या गुलाबतेलात ओळखला गेला. दुसरा आयोनोन, युरोपातल्या व्हायोलेट फुलांच्या वासाशी जोडला जाणारा. चहाच्या पत्तीत सुगंध येतो त्यामागेही याच घराण्यातले तुकडे असतात. म्हणजे पान पिवळं पडतं, मग तपकिरी होत जातं, आणि डोळ्यांना दिसणारा रंग हळूहळू नाकाला कळणारा वास होतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही वाचू शकलो नाही. म्हणूनच सुकवल्यावरही पान लगेच वापरत नाहीत. दोनतीन वर्षं गठ्ठ्यांत ठेवून मुरू देतात, आणि त्या काळात त्यातला तिखट, अमोनियासारखा वास ओसरत जातो.

काळ्या तंतूंपैकी काही नुसते वाफवून, दाबून, गोडवा देऊन काळे केलेले असतात. त्यांना कॅव्हेंडिश म्हणतात आणि ते मिश्रणाला मऊपणा देतात. पण खरा चमत्कार म्हणजे पेरीक. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी सेंट जेम्स नावाचा एक परगणा आहे. तिथल्या मूळ रहिवाशांकडून पाहून पिएर शेने नावाच्या शेतकऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही रीत व्यापारी पातळीवर आणली असं सांगतात. अर्धवट सुकलेली पानं थोडी ओलावून शिरा काढतात, जुड्या करतात आणि व्हिस्कीच्या रिकाम्या ओकच्या पिंपांत ठासून भरतात. वरून मळसूत्री जॅकने प्रचंड दाब देतात. पानांतला रस बाहेर येतो, पान आपल्याच रसात बुडतं आणि हवा जवळजवळ नसलेल्या त्या पिंपात आंबायला लागतं. अधूनमधून पिंप उघडून पानं वर काढतात, हवा लागू देतात, उलटीपालटी करतात आणि पुन्हा दाबतात. असं वर्षभर चालतं. शेवटी हाती येतं ते काळं, तेलकट, आंबूस पान. वास शिजवलेल्या अंजिराचा, मनुकांचा, व्हिनेगरचा. नुसतं ओढलं तर डोकं गरगरेल इतकं कडक. मात्र व्हर्जिनियाच्या मिश्रणात शेकडा पाचदहा एवढंच मिसळलं तर त्या गोड धुराला आंबटगोड खोली येते. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे पीक जवळपास नाहीसं झालं होतं. सेंट जेम्समधल्या मूठभर लोकांच्या चिवटपणामुळे ते टिकलं. असं ज्ञान पुस्तकात लिहून वाचत नाही. दरवर्षी कुणीतरी पिंपाशी उभं राहावं लागतं.

मिश्रण करणाऱ्याचं काम आता लक्षात येईल. साखरेची गोड बाजू व्हर्जिनियाकडून, कोरडं अंग बर्लीकडून, मऊपणा कॅव्हेंडिशकडून, आंबटपणाचा निसटता स्पर्श पेरीककडून. गंमत म्हणजे १९०७ या एकाच वर्षी या कलेच्या दोन अगदी वेगळ्या वाटा फुटल्या. लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर आल्फ्रेड डनहिलने तंबाखूचं दुकान उघडलं. गिऱ्हाइकाची आवड विचारून तो त्याच्यापुरतं मिश्रण करून देई आणि वहीत क्रमांक घालून नोंदवून ठेवी. त्या वहीतलं ९६५ क्रमांकाचं मिश्रण पुढे जगभर विकलं गेलं. त्याच वर्षी उत्तर कॅरोलायनातल्या विन्स्टन गावच्या रेनॉल्ड्स कंपनीने प्रिन्स आल्बर्ट नावाची पाइपची तंबाखू बाजारात आणली. मुख्यतः बर्ली, आणि जिभेला चावत नाही ही तिची जाहिरात. लाल डब्याच्या पाठीवर प्रक्रियेच्या पेटंटची तारीख छापलेली असे: ३० जुलै १९०७. डनहिलकडे सौम्यपणा एकेका माणसासाठी मापून मिळत होता; रेनॉल्ड्सने तो लाखोंसाठी एकाच डब्यात भरला.

जिभेला चावते म्हणजे काय होतं? पाइप घाईने ओढला की निखारा तापतो, ओलाव्याची वाफ होते आणि ती गरम वाफ जिभेच्या शेंड्यावर येऊन आदळते. उपाय एकच, सावकाश ओढणं. आणि सावकाशीमागेही सुरेख विज्ञान आहे. निखाऱ्यात जे जळतं त्यातले बरेचसे सुगंधी रेणू तिथेच नष्ट होतात. स्वाद मुख्यतः येतो तो निखाऱ्याच्या लगेच खालच्या थरातून, जिथे जळण्याइतकी उष्णता नसते, पण सुगंध उडून यावा इतकी असते. म्हणजे पाइपच्या वाटीत एकाच वेळी चूल पेटलेली असते आणि तिच्याखाली अर्क निघत असतो. झुरका जितका हलका, तितका अर्क जास्त आणि राख कमी. जाणकार मंडळी धूर गिळत नाहीत. तोंडात खेळवतात आणि थोडासा नाकावाटे सोडतात, कारण जिभेला गोड-आंबट-खारट-कडू अशा मोजक्याच चवी कळतात. अंजीर आणि कोको ओळखायला नाक लागतं. वाटी भरायची जुनी शिकवणही हेच सांगते: पहिली चिमूट लहान मुलाच्या हाताने दाबल्यासारखी, दुसरी बाईच्या, तिसरी बाप्याच्या. खाली सैल, वर घट्ट, म्हणजे हवा खेळत राहते. पाइप ओढण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये प्रत्येकाला ३ ग्रॅम तंबाखू आणि दोन काड्या देतात. ज्याचा निखारा सर्वात शेवटी विझेल तो जिंकला. तीन ग्रॅमवर तीन तासांहून अधिक वेळ निखारा जिवंत ठेवलेले लोक आहेत.

ती वाटी ज्या लाकडाची असते ते लाकूडही याच गोष्टीतलं पात्र आहे. भूमध्य समुद्राच्या कोरड्या टेकड्यांवर एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं. त्याच्या बुंध्याशी, जमिनीच्या आत, गाठ धरते. वणव्यात वरचं सगळं झुडूप जळून गेलं तरी ही गाठ वाचते आणि तिच्यातून पुन्हा कोंब फुटतात. वणवा सोसायला निसर्गाने घडवलेली ती गाठ तासन्‌तास उकळून, महिनोन्‌महिने वाळवून, कोरून तिचीच वाटी करतात; या लाकडाला ब्रायर म्हणतात. फ्रान्समधल्या जुरा डोंगरातल्या सेंक्लोद गावाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे काम नावारूपाला आणलं. त्याआधी युरोपात मातीचे ठिसूळ पाइप चालत. आपल्याकडे चिलीम होतीच: तळाशी खडा, तोंडाशी ओल्या फडक्याची छापी, म्हणजे धूर थोडा निवून यावा. तंबाखू दख्खनमध्ये पोर्तुगीजांमार्फत आली. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला तेव्हा त्याने बादशहापुढे तंबाखू आणि रत्नजडित पाइप ठेवला. अकबराने थोडे झुरके घेतले, हकिमाने त्याला अडवलं. दरबाऱ्यांना मात्र नाद लागला.

आता त्या हकिमाच्या बाजूने बोलायला हवं, कारण सौम्यपणाची दुसरी बाजू भीषण आहे. हवेत वाळवलेल्या, साखर नसलेल्या पानाचा धूर अल्कधर्मी असतो. त्यातलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं, आणि तो धूर घशात घेतला तर ठसका लागतो. व्हर्जिनियातल्या साखरेमुळे धूर आम्लधर्मी होतो. तो घशाला टोचत नाही, पण तोंडातून निकोटिनही फारसं देत नाही. ते हवं तर धूर फुप्फुसात ओढावा लागतो, आणि सौम्य असल्यामुळे तो सहज ओढला जातो. १९१३ मध्ये रेनॉल्ड्सने प्रिन्स आल्बर्टनंतर कॅमल सिगारेट आणली: भट्टीतली व्हर्जिनिया, मसाला पाजलेली बर्ली, थोडी तुर्की पानं. पाइपच्या सौम्यपणाचं सगळं शहाणपण सिगारेटच्या कागदात गुंडाळलं गेलं. स्टॅनफर्डचे इतिहासकार रॉबर्ट प्रॉक्टर यांनी भट्टीवर पान सुकवण्याची रीत ही आधुनिक कारखानदारीतल्या सर्वात घातक शोधांमध्ये धरली आहे, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. घसा हा आपला पहारेकरी. सौम्य धूर त्याला कळूच देत नाही. पाइपवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. धूर छातीत न घेताही तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका पाइप ओढणाऱ्यांना न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त असतो. चवीची सौम्यता आणि शरीरावरची सौम्यता यांचा काही संबंध नाही.

तरीही हे पान समजून घेण्यासारखं आहे, आणि ते समजून घ्यायला काडी लागत नाही. माती, भट्टी, पिंप आणि मुरण्याची वर्षं यांनी जे करायचं ते डबा उघडण्याआधीच करून ठेवलेलं असतं. कुणा पाइप ओढणाऱ्या परिचिताकडे गेलात तर न पेटवलेल्या मिश्रणाचा डबा मागून घ्या. आधी पिवळा तंतू चुरगाळून हुंगा, मग तपकिरी, मग काळा, आणि डबा बंद करून परत द्या.